पडलं कोण, पाडलं कुणी?

मुलांनो,

तुम्ही कॉम्प्युटरवर छान चित्र काढत बसलाय, किंवा आईच्या मोबाइलवर मावशीला निरोप लिहिताय, आणि अचानक समोरची खिडकीच गायब! ना 'थांब' म्हणाली, ना 'येते' म्हणाली. झालंय ना असं कधी? वर्गात विचारलं तर निम्मी मुलं म्हणतात, "बाई, हँग झाला." पण हँग वेगळा आणि हा वेगळा, बरं का. हँग झालेला प्रोग्राम उभ्या उभ्या झोपतो. तुम्ही कितीही टिचक्या मारा, तो ढिम्म. आणि हा जो धाडकन आडवा होतो, खासबागेच्या मैदानात पैलवान चीतपट व्हावा तसा, त्याला म्हणतात 'क्रॅश'.

आता चीतपट झालेला पैलवान डोळ्यांसमोर दिसतो. पण डाव कुणी टाकला? आखाड्यात ते दिसतं, कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही. इथे पडतो एक आणि पाडणारा असतो भलताच. तो कसा शोधायचा, ते आज बघू. गोष्ट खरी घडलेली आहे आणि तिच्यात आपली जोडाक्षरंही आहेत. दुसरी-तिसरीत ती गिरवताना कंटाळला होता ना? आता मजा येईल.

पण आधी वाचनालयात जाऊ.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालचं. समजा, तुम्हाला एका अवघड शब्दाचा अर्थ हवाय. त्यासाठी प्रत्येक घरानं जाडजूड शब्दकोश विकत घ्यायला हवा का? नको. वाचनालयात एक शब्दकोश असला की सगळ्या पेठांचं भागतं. ज्याला लागेल तो जातो, उघडतो, बघतो. कॉम्प्युटरवाल्यांनीही अगदी हेच केलं. अक्षरं पडद्यावर काढणं, आवाज वाजवणं, चित्र उघडणं ही कामं सगळ्याच प्रोग्रामना लागतात. मग ती प्रत्येकानं वेगवेगळी का लिहायची? एकदा लिहून ठेवायची आणि ज्याला लागतील त्यानं आणायची. अशा गाठोड्याचं नावच मुळी 'लायब्ररी'. विंडोज वापरणाऱ्या दादा-ताईंनी 'डीएलएल' हे नाव ऐकलं असेल. ती म्हणजे हीच. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा ती शोधून मेमरीत आणली जाते. काही लायब्रऱ्या तर त्याहून आळशी. प्रोग्राम चालू असतो, तुम्ही एखादं बटण दाबता, आणि तेव्हा कुठे त्या धावतपळत येतात.

सोय मोठी आहे. पण शब्दकोशाचं एक पान चुकीचं छापलं असेल तर? ज्या ज्या घरातलं पोर तो शब्द बघायला जाईल, ते ते चूक घेऊन घरी येईल. आणि मास्तर रागावणार पोराला!

आता आपली खरी गोष्ट.

फेब्रुवारी २०१८. आयफोन वापरणाऱ्यांमध्ये एक अजब बातमी पसरली. एक विशिष्ट तेलुगू अक्षर कुणी निरोपात पाठवलं की समोरच्याचं निरोपाचं अ‍ॅप कोसळायचं. पुन्हा उघडायला जावं तर पुन्हा कोसळायचं, कारण उघडल्या उघडल्या ते अक्षर दाखवायचा प्रयत्न व्हायचा. व्हॉट्सअ‍ॅपचं तेच, जीमेलचं तेच. त्याहून वाईट म्हणजे तेच अक्षर सूचनेच्या पट्टीत आलं तर फोनचा मुख्य पडदा सांभाळणारा प्रोग्रामच पडायचा. तो पडला की फोन त्याला पुन्हा उठवायचा, उठला की तो पुन्हा तीच सूचना दाखवायला जायचा, की पुन्हा धाडकन! विचार करा, एखाद्याला दवाखान्यातून फोन यायचाय आणि हातातला फोन उठतोय, पडतोय, उठतोय, पडतोय. काही आगाऊ मंडळींनी तर गंमत म्हणून ते अक्षर मुद्दाम पसरवलं. कसली आलीय गंमत? दुसऱ्याच्या दारात केळीची साल टाकण्याचाच तो प्रकार.

लोक काय म्हणाले? कुणी म्हणालं व्हॉट्सअ‍ॅप बिघडलं. कुणी म्हणालं जीमेल बिघडलं. आणि बरेच जण म्हणाले, तेलुगू अक्षर आयफोनला मारतंय. म्हणजे गुन्हेगार तीन!

आता तुम्ही गुप्तहेर व्हा. एकाच वेळी इतके वेगवेगळे प्रोग्राम पडतायत. ते वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेत. सगळ्यांनी एकाच दिवशी तीच चूक कशी केली असेल? एकाच गल्लीतल्या दहा घरांत एकाच दिवशी पोटं बिघडली, तर दहा घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याआधी आपण नळाचं पाणी बघतो ना? तसंच इथे. या सगळ्यांत सामाईक काय? सगळे जण अक्षरं काढून घ्यायला एकाच लायब्ररीकडे जात होते. अ‍ॅपल कंपनीच्या त्या लायब्ररीचं नाव 'कोअरटेक्स्ट'.

हा झाला तर्क. पण पुरावा? पुरावा प्रोग्राम स्वतःच मागे ठेवून जातो. आजीच्या घरात मडक्यांची उतरंड पाहिलीत का? मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. प्रोग्रामचं काम असंच रचलेलं असतं. निरोपाचं अ‍ॅप म्हणतं, "पडदा रंगव." हे सगळ्यात खालचं मडकं. पडदा रंगवणारा म्हणतो, "ही ओळ मांडून दे." दुसरं मडकं. ओळ मांडणारा म्हणतो, "ही अक्षरं जोडून दे." तिसरं मडकं. वरच्याचं काम झालं की ते उतरवायचं आणि खालच्यानं पुढे चालू करायचं. क्रॅश होतो त्या क्षणी ही उतरंड जशीच्या तशी लिहून ठेवली जाते. मग जाणकार माणूस वरून खाली वाचत येतो: अगदी वरचं मडकं कुणाचं, ते कुणी मागवलं, त्याला कुणी मागवलं. व्हॉट्सअ‍ॅप असो नाहीतर जीमेल, खालची मडकी वेगळी दिसतील. पण वरच्या मडक्यांवर त्याच लायब्ररीचा शिक्का असला, तर शोध कुठल्या घराकडे वळवायचा ते कळतं.

फक्त एक अडचण आहे, आणि इथे थोडं गणित लागणार. पळू नका, तिसरीचं गणित आहे!

उतरंडीत नावं नेहमीच नसतात. पुष्कळदा नुसते आकडे असतात, 'मेमरीत अमुक जागी पडलो' एवढेच. आणि लायब्ररी दर वेळी मेमरीत त्याच जागी उतरेल असंही नाही. चोरांना पत्ता पाठ होऊ नये म्हणून ती जागा मुद्दाम बदलत ठेवतात. मग काय करायचं? चैत्रात जोतिबाच्या यात्रेला दुकानं लागतात. समजा, एक खेळणीवाला गेल्या वर्षी कमानीपासून ५२० पावलांवर होता, यंदा ८१० पावलांवर आहे. गेल्या वर्षी त्याच्या दुकानात एक मुलगा कमानीपासून ५३४ व्या पावलावर अडखळून पडला. यंदा दुसरा मुलगा ८२४ व्या पावलावर पडला. ५३४ आणि ८२४ यांचा काही संबंध दिसतो का? नाही ना? आता वजाबाकी करा. ५३४ वजा ५२०, उरले १४. ८२४ वजा ८१०, उरले १४. अरेच्चा! दोन्ही मुलं दुकानाच्या दारापासून चौदाव्याच पावलावर पडली. म्हणजे तिथे काहीतरी आडवं आहे.

क्रॅशच्या नोंदीत म्हणूनच दोन गोष्टी असतात. एक, कुठे पडलो. दोन, कुठली लायब्ररी मेमरीत कुठून सुरू होत होती. वजाबाकी केली की वेगवेगळ्या फोनवरचे वेगवेगळे आकडे एकाच ठिकाणी बोट दाखवतात. मोठमोठ्या कंपन्यांत हजारो नोंदींतून एकसारख्या नोंदी वेगळ्या काढतात, त्याच्या मुळाशी हीच वजाबाकी आहे.

लायब्ररी उशिरा येते यातून आणखी एक गंमत होते, तीही सांगून टाकते. प्रोग्रामला मध्येच थांबवून 'काय चाललंय?' असं विचारणाऱ्या प्रोग्रामला 'डीबगर' म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला 'जीडीबी' हा त्यातला एक नावाजलेला, आजही वापरात असलेला. त्याला सांगितलं की अमुक लायब्ररीतल्या अमुक कामापाशी थांब, आणि ती लायब्ररी अजून आलेलीच नसली, तर तो भांबावत नाही. तो विचारतो, असं काही मला सापडत नाही, पण पुढे एखादी लायब्ररी आली आणि तिच्यात ते निघालं तर तेव्हा थांबवू का? शहाणा पहारेकरी! पाहुणा अजून गावात नाही, पण स्टँडवर उतरला की कळवतो म्हणाला.

बरं, चोराचं घर सापडलं. पण चोरी कशी झाली? आता येते आपली मराठी शाळा.

मोबाइल घ्या आणि 'कोल्हापूर' लिहा. किती अक्षरं दिसतात? को, ल्हा, पू, र. चार. कॉम्प्युटर मात्र ते असं साठवतो: क, ओकाराची मात्रा, ल, हलन्ताची खूण, ह, काना, प, दीर्घ उकार, र. मोजा बघू. नऊ! कॉम्प्युटरकडे नऊ खुणा येतात आणि त्याला काढायच्या असतात चार अक्षराकृती. इंग्रजीत हा त्रास कमी. तिथे ए म्हणजे ए आणि बी म्हणजे बी, शेजारी शेजारी ठेवले की झालं. आपल्याकडे 'कि' लिहिताना आधी क येतो आणि मागून वेलांटी, पण कागदावर वेलांटी क च्या आधी काढायची. 'र' ची तर बातच सोडा. 'क्र' मध्ये तो क च्या पायाशी लोंबतो, 'र्क' मध्ये क च्या डोक्यावर चढतो, 'ट्र' मध्ये वेगळंच छप्पर धरतो आणि 'दऱ्या' मध्ये भुवईसारखा वाकडा होतो. एक र आणि सोंगं चार! तेलुगूतही जोडाक्षरात दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली किंवा शेजारी रूप बदलून बसतं.

त्यात आणखी एक पाहुणा असतो, न दिसणारा. त्याला रुंदीच नसते. त्याचं काम एवढंच सांगायचं, 'इथे जोडू नका.' उदाहरणार्थ, हलन्तानंतर तो घातला तर पुढचं अक्षर जोडलं न जाता हलन्ताचा पाय मोडलेला दिसतो. पडद्यावर तो कधीच दिसत नाही, पण खुणांच्या रांगेत बसलेला असतो.

ज्या तेलुगू अक्षरानं गोंधळ घातला त्यात खुणा होत्या पाच: ज, हलन्त, ञ, मग हा न दिसणारा पाहुणा, आणि शेवटी काना. पाहुणा काढला तर काय उरतं? ज आणि ञ मिळून 'ज्ञ', त्याला काना, म्हणजे 'ज्ञा'. आपण मराठीत त्याचा उच्चार 'द्न्या' करतो, हिंदीत 'ग्या' करतात. 'ज्ञान' शब्दाची सुरुवात! तेलुगूतही हा शब्द आहे. आणि लक्षात घ्या, साधा 'ज्ञा' लिहिणाऱ्या तेलुगू माणसाचा फोन पडत नव्हता. तो पाहुणा मध्ये बसला तरच पडायचा. म्हणजे 'तेलुगू अक्षर फोन मारतं' हे म्हणणं त्या अक्षरावर साफ अन्याय करणारं होतं. कोट्यवधी लोक ज्या लिपीत पत्रं लिहितात, परीक्षा देतात, तिचा काय दोष? ती नीट न तपासता लायब्ररी बाहेर पाठवली, दोष तिथे.

आणि तेलुगू एकटी नव्हतीच. मनीष गोरेगावकर या प्रोग्रामरनं त्याच महिन्यात हे कोडं सोडवून, नियम काढून सगळ्यांसाठी लिहून ठेवला. लायब्ररी आतून कशी लिहिलीय ते त्यांच्यापुढे नव्हतं. अ‍ॅपल ते दाखवत नाही. बंद पेटी बाहेरून वाजवून आत काय आहे ते ओळखायचं, असं हे काम.

तुम्ही असता तर कसं केलं असतं? आधी मजकूर लहान केला असता. समजा, चौसष्ट शब्दांचा निरोप अ‍ॅप पाडतोय. अर्धा काढून टाका. उरलेल्या बत्तीसांनी पडतं का? पडत असेल तर चोर त्यात, नाहीतर दुसऱ्या अर्ध्यात. बत्तीसाचे सोळा, सोळाचे आठ, चार, दोन, एक. सहा वेळा करून बघितलं की नेमका शब्द हातात. पालकहो, दिव्यांच्या माळेतला बिघाड किंवा घरातल्या वायरिंगमधला दोष शोधणारा इलेक्ट्रिशियनही पुष्कळदा असाच निम्म्या-निम्म्यानं जातो, विचारून बघा. शब्द सापडला की एका वेळी एकच खूण बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. ज ऐवजी क घातला तर? काना काढून वेलांटी दिली तर? पाहुण्याला उठवलं तर? दर वेळी वहीत लिहायचं, पडलं की नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही. प्रयोगवहीत बाई हेच तर सांगतात!

गोरेगावकरांनी लिहिलेला नियम साधारण असा: एक व्यंजन, हलन्त, दुसरं व्यंजन, मग तो अदृश्य पाहुणा, मग स्वराची खूण. हा क्रम तेलुगू, बंगाली आणि आपली देवनागरी, तिन्ही लिप्यांत फोन पाडायचा. दुसरं व्यंजन मात्र पहिल्याच्या पायाशी किंवा मागे जोडलं जाणारं हवं. तेलुगूत सगळीच व्यंजनं तशी. देवनागरीत? फक्त आपला सोंगाड्या र! आणि पहिलं व्यंजन स्वतः र असलं तर चालणार नाही, कारण तो रफार होऊन डोक्यावर चढतो. स्वरांबद्दलही एक अट होती, ती सोडून देऊ. म्हणजे 'क्रा' च्या पोटात तो पाहुणा बसवला असता, तर त्या दिवसांत मराठी निरोपानंही आयफोन लोळला असता. फक्त असं कुणी सहसा लिहित नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागला नाही.

१९ फेब्रुवारी २०१८ ला अ‍ॅपलनं दुरुस्ती पाठवली. आयफोनसाठी तिचा क्रमांक ११.२.६. मॅक, घड्याळ आणि टीव्हीच्या पेटीसाठीही त्याच दिवशी दुरुस्त्या आल्या, कारण तीच लायब्ररी तिथेही होती. कंपनीच्या नोंदीत कारण थोडक्यात दिलं होतं: मेमरीत गडबड होत होती, आता आत येणारा मजकूर अधिक नीट तपासला जातो. मजा बघा, व्हॉट्सअ‍ॅपला काही करावं लागलं नाही, जीमेललाही नाही. शब्दकोशाचं एक पान बदललं आणि गावातली सगळी पोरं सुटली. सामाईक गोष्ट बिघडली की सगळ्यांची बिघडते, हे खरं. पण सुधारली तरी सगळ्यांची सुधारते.

'मेमरीत गडबड' म्हणजे काय, असा प्रश्न पडला असेल. समजा, स्नेहसंमेलनाला पाहुण्यांसाठी पाच खुर्च्या मांडल्या आणि पाहुणे आले सहा. सहाव्यानं गुपचूप शेजारच्या वर्गातली खुर्ची घेतली. त्या क्षणी कुणाला काही कळलं नाही, कार्यक्रम झोकात चालू. तासाभरानं शेजारच्या वर्गातले गुरुजी बसायला गेले आणि धपकन खाली! आता पडले गुरुजी, त्यांच्या वर्गात. चूक झाली तासाभरापूर्वी, दुसऱ्याच ठिकाणी, खुर्च्या मोजताना. प्रोग्रामही जेवढी जागा मागितली त्याहून जास्त लिहून बसला की असंच होतं. म्हणून या जातीचे क्रॅश शोधायला सगळ्यात कठीण. उतरंडीतलं वरचं मडकं तिथे गुरुजींचं नाव सांगतं, खुर्ची नेणाऱ्याचं नाही. मग माग काढत मागे मागे जावं लागतं.

पालकहो, मुलाच्या हातून काहीतरी दाबलं गेलं आणि कॉम्प्युटर पडला, तर आधी त्याच्यावर ओरडू नका. शेवटी काय केलं होतं ते त्यालाच आठवून कागदावर लिहायला सांगा. तेच पुन्हा केलं तर पुन्हा पडतो का? दुसऱ्या प्रोग्राममध्येही पडतो का? दुरुस्तीवाल्याला 'काहीतरी झालंय' असं सांगण्यापेक्षा हा कागद दिला तर त्याचाही अर्धा दिवस वाचतो.

आता आजचं कोडं. वर दिलेला नियम पुन्हा एकदा वाचा आणि सांगा: 'चक्राला', 'धर्माला', 'रात्री' आणि 'मुर्रा' (म्हैस हो, मुर्रा म्हैस!) या चार शब्दांतल्या जोडाक्षरांत स्वराच्या आधी तो अदृश्य पाहुणा बसवला असता, तर २०१८ च्या फेब्रुवारीतला आयफोन कोणत्या शब्दांनी पडला असता? 'मुर्रा' पाशी घाई करू नका. त्यात र दोन आहेत, आणि त्यातला पहिला कुठे जाऊन बसतो ते कागदावर लिहून बघा. उत्तर कारणासकट हवं. पुढच्या अंकात ताडून बघू.

तुमची,
बाई